फॉर्मवर लिहून आले 'माझं कोणी नाही', आणि नवरा बाहेर बाकड्यावर बसलेला

भांडुपची_चिमणी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे आणि लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागते. वय ३३, परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, लग्नाला ४ वर्षं झाली. दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, पालिकेच्या हॉस्पिटलातून. झोप लागायला लागली, ट्रेनमध्ये उगाच रडू यायचं ते थांबलं, नोकरी टिकली, म्हणजे फायदा आहे, नाही कशाला म्हणू.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सोशल वर्करकडे पाठवलं. तिने दोन फॉर्म दिले. एक लहानपणाबद्दलचा, घरात मारायचे का, घालूनपाडून बोलायचे का, आपण घरात कोणाला तरी हवे आहोत असं वाटायचं का वगैरे. तो मी फटाफट भरला, व्हाउचर तपासतात तसा. दुसरा छोटासा, १२ वाक्यांचा, घरचे, मित्रमैत्रिणी आणि कोणी खास माणूस यांचा किती आधार वाटतो त्याला १ ते ७ मार्क द्यायचे. तिथे अडकले. मग दिले, १, २, १, १, असेच खालपर्यंत. तिने कागद बघितला, काही बोलली नाही, दाराकडे मान वळवली आणि विचारलं, "बाहेर बसलेत ते कोण?"

बाहेर माझा नवरा बसलेला. हाफ डे टाकून. सकाळी केसपेपरच्या लाईनीत पण तोच उभा होता, मी मागून रमतगमत आले. मांडीवर माझी पर्स, हातात माझी पाण्याची बाटली, झाकण उघडतोय बंद करतोय उघडतोय. आणि मी आत लिहून दिलेलं की मला कोणी नाही. इतकी लाज वाटली. पण खोटं पण नव्हतं हो लिहिलं. मला खरंच तसंच वाटतं, तो समोर असतो तेव्हा पण.

लहानपणाबद्दल थोडक्यात सांगते. वडील शिफ्टला, घरात आई आणि मी. लाटणं, उलथनं सगळं झालंय, पण मार तितका नाही आठवत. आठवतं ते हे की मी आजारी पडले की आई माझ्याशी बोलणं बंद करायची. ताप आला की दोन-दोन दिवस अबोला, कारण मी मुद्दाम तिचं काम वाढवलंय. आणि "तू झालीस आणि माझं वाटोळं झालं" हे तर रोजचं, चहात साखर असावी तसं. मग मी काय करायचे, सहावीपासून कंपासपेटीत क्रोसिनची पट्टी ठेवायचे. शाळेत नळावर जाऊन गोळी घ्यायची आणि घरी आल्यावर एकदम ठणठणीत. आता नवऱ्याने विचारलं "काय होतंय?" की तोंडातून आपोआप निघतं "कुठे काय, काही नाही". त्याने डोकं दाबायला हात लावला तरी मी लाकडासारखी होते. त्याला यातलं काहीही माहीत नाही.

आता नवीन भानगड. मावशीकडून आईला कळलं माझ्या गोळ्यांचं. रोज फोन, "मी येते राहायला, तुझं औषधपाणी मी बघते". मी एकदाच हिंमत करून जुना विषय काढला तर म्हणाली, आम्ही कधी मारलं तुला, दोन धपाटे कोण देत नाही, काहीही डोक्यात घेऊन बसतेस. वन रूम किचन आहे आमचं, ती आली की ती चोवीस तास आली.

तर प्रश्न दोन. माणसं आहेत पण आधार वाटत नाही, हे माझ्याच बाबतीत आहे का कोणाला माहितीये? आणि आईला येऊ देऊ का? प्लीज उपदेश नको.

---

लालबागकर_काका

पोरी तुझं सगळं वाचलं, वाईट वाटलं. पण एक बोलतो, रागावू नकोस. आमच्या चाळीत १९८२ च्या गिरणी संपानंतर घराघरात बाप रिकामा बसलेला, मी तेव्हा बारा वर्षांचा. राग कोणावर काढणार, सरकारवर? पोरांवरच. पट्टा, चप्पल, सांडशी, हाताला लागेल ते. आम्ही काय सगळे आजारी पडलो? आज नोकऱ्या करून रिटायर व्हायला आलो. आईवडिलांचं असं कागदावर मोजून कोणी लिहितं का. आई आहे ती, आता येतेय तर येऊ दे, म्हातारपणी माणूस बदलतो.

---

ओपीडीवाली_ताई

चिमणी, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, तुझ्या एकटीच्या बाबतीत नाहीये. मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे (तुझी ती नव्हे, दुसरीकडची) आणि बाहेर माणूस बसलेला असताना आत "कोणी नाही" लिहिणारे मला दर आठवड्याला भेटतात.

काका, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून तुम्हालाही उत्तर देते. २६ जुलैच्या पुरात छातीएवढ्या पाण्यातनं अर्धी मुंबई चालत घरी गेली. त्या पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप सगळ्यांना आला नाही. म्हणून ते पाणी चांगलं होतं असं कोणी म्हणतं का? तसंच आहे हे. अमेरिकेत सॅन डिएगोला १९९५ ते ९७ मध्ये १७,००० हून जास्त मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी. आपल्यासारखीच नोकरीधंदा करणारी माणसं होती ती. लहानपणी जितक्या प्रकारचे त्रास जास्त, तितकं मोठेपणी डिप्रेशन, दारू, आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण चढत गेलेलं. २०१७ साली १८४ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा डिप्रेशन असलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी लहानपणी काही ना काही वाईट वागणूक सोसल्याचं सांगितलेलं. आणि हे तिकडचं म्हणून सोडून द्यायचं तर आपल्याच केंद्र सरकारचा २००७ चा अहवाल आहे, १३ राज्यं, १२,४४७ मुलं. तीनातल्या दोघांना मार बसलेला, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांमध्ये ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच. म्हणजे "सगळेच मार खायचे" हे तुमचं बरोबर आहे काका. कोणाला काही झालं नाही, हे नाही.

चिमणी, तुझा पहिला फॉर्म मला वाटतं २८ वाक्यांचा असणार, त्यात पाच गोष्टी बघतात. मारणं, घालूनपाडून बोलणं, लैंगिक अत्याचार, खाण्यापिण्या-औषधाची आबाळ, आणि मायेची आबाळ. लोक येऊन सांगतात "मला कधी हात नाही लावला हो", आणि मग मायेच्या आबाळीचेच मार्क सगळ्यात जास्त निघतात. तुझा दोन दिवसांचा अबोला त्यातच बसतो. डिप्रेशनशी सगळ्यात घट्ट नातं मारापेक्षा या बोलण्याचं आणि आबाळीचंच निघतं, हे मला स्वतःला या कामात आल्यावरच कळलं.

आता तो दुसरा फॉर्म. तो किती लोक बाहेर बसलेत ते मोजत नाही, तो मोजतो तुला किती वाटतं. मदत मिळणं वेगळं आणि मदत आहे असं वाटणं वेगळं, आणि मनाच्या तब्येतीशी जास्त संबंध त्या 'वाटण्याचा' आहे. ज्याच्याकडे रडत धावत जायचं त्याच्याकडूनच फटका, हे पोरगं काय शिकेल? आपलं दुखणं झाकून ठेवायला शिकेल. तुझी कंपासपेटी तेच आहे. तेव्हा त्या पट्टीने तुला वाचवलं, वेडेपणा नव्हता तो. आता तीच सवय नवऱ्याच्या आणि तुझ्या मध्ये बसलीये.

पण एक दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर आम्ही लोक सगळंच लहानपणावर ढकलतो. डिप्रेशनमध्ये असताना तो फॉर्म भरला की मार्क तसेही खालीच येतात, आजारच सांगत असतो तुला की कोणी नाही. आणि काहींना खरंच कोणी नसतं, बऱ्याच वर्षांच्या आजाराने माणसं तुटलेली असतात, त्यांना "तुम्हाला फक्त तसं वाटतंय" म्हणणं हा अन्याय आहे. तुझ्या केसमध्ये बाटली घेऊन बसलेला माणूस आहे, म्हणून तुझं काम थोडं वेगळं आहे. सहा महिन्यांनी तोच फॉर्म परत भरायला माग.

आईच्या "कधी मारलं" वर. २०२० साली एक अभ्यास आला होता, १,१९६ माणसं, त्यातल्या काहींच्या लहानपणच्या छळाची कोर्टात नोंद होती आणि काहींची नव्हती. मोठेपणीच्या मानसिक त्रासाचा संबंध कोर्टाच्या नोंदीपेक्षा त्या माणसाला स्वतःला काय आठवतं त्याच्याशी जास्त निघाला. म्हणजे आईकडून कबुली मिळवल्याशिवाय तुझे उपचार अडणार नाहीत. ती केस लढत बसू नकोस, तारखाच पडत राहतील.

आणि येऊ देऊ का, तर हे तू ठरव. फक्त एक कायद्याची गोष्ट माहीत असू दे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, उद्या तू फार आजारी पडलीस तर तुझ्या वतीने निर्णयात कोण असेल तो. साध्या कागदावर लिहून सही करायची, समोरच्याची तयारी हवी, आणि ती व्यक्ती नात्यातलीच असायला हवी असं काही नाही. केव्हाही बदलता येतं. आई-विरुद्ध-नवरा असं भांडण हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये होण्यापेक्षा हा कागद बरा.

---

गोरेगाव_ईस्ट

विपश्यना करा मॅडम, दहा दिवस इगतपुरी, सगळं जुनं निघून जातं. माझ्या बॉसचं निघालं.

---

ओपीडीवाली_ताई

गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात जाऊ नको. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी तो कोर्स करू नये असं ते केंद्रवाले स्वतःच सांगतात. दहा दिवस मौन, घरापासून लांब, त्यात जुनं सगळं वर आलं तर धरायला कोण आहे? बॉसची गोष्ट वेगळी. रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर १४४१६, टेलिमानस, सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

स्लो_लोकल

चिमणी ताई, मी बायपोलर आहे (मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली, तो आजार), वय ४१, घाटकोपर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय, कारण आमच्याकडे ते ऑलरेडी झालंय, माझ्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता, येऊ देऊ का वगैरे, वडील आणि मी एकाच खोलीत, जायला दुसरी जागा नाही आणि मुंबईत भाडं काय आहे ते तुम्हाला माहितीये.

वडिलांनी मला दहावीपर्यंत पट्ट्याने मारलंय. पट्टा दाराच्या मागे एका खिळ्याला असायचा. २०११ ला मी पहिल्यांदा ॲडमिट झालो, त्यानंतर त्यांनी कधी त्यावर एक शब्द काढला नाही, माफी नाही काही नाही, पण एक दिवस बघितलं तर त्या खिळ्याला माझ्या गोळ्यांची कापडी पिशवी. तेव्हापासून तिथेच असते. लिथियम घेतो मी, त्याची रक्ततपासणी ठराविक महिन्यांनी करावी लागते, तारीख त्यांच्या लक्षात असते माझ्या नसते. रिपोर्ट आणायला तेच जातात, वय ७२.

आता मी याला काय म्हणू? आधार म्हणू? फॉर्म दिला तर मी कितीवर खूण करू? डॉक्टर म्हणतात वडील खूप सपोर्टिव्ह आहेत तुमचे, सगळ्या ओपीडीत त्यांचं कौतुक, आणि मला त्या कौतुकाने अंगावर काटा येतो आणि दुसरीकडे ते नसते तर मी आज इथे टाईप करत नसतो हे पण खरं आहे, दोन्ही एकदम खरं आहे आणि १३ वर्षं त्याची बेरीज काही मला जमलेली नाही.

जे जमलं ते सांगतो. मी माणसांना कामं वाटून दिलीत. वडिलांकडे गोळ्या आणि रिपोर्ट, बस. माझ्या मनात काय चाललंय ते त्यांच्याकडे नाही. ते विचारायला लागले की मी चप्पल घालून खाली जातो. झोपलो असेन तर अंगावर हात टाकून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची, हा नियम मी त्यांना सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत, पण पाळतात. मनातलं बोलायला ऑफिसमधला एक मित्र, ते पण रोज नाही, बुधवारी स्टेशनबाहेर चहा, वीस मिनिटं. त्याला मी सुरुवातीलाच सांगितलं, सल्ला देऊ नको, नुसता चहा पी. आणि महिन्यातून एकदा ठाण्याला गटात जातो, आयपीएच म्हणजे तिथली मानसिक आरोग्याची संस्था, तिच्यात असे स्वमदत गट आहेत. गटातल्या बोलण्यात पेशंट म्हणजे शुभार्थी आणि सांभाळणारा शुभंकर, मला आधी ते शब्द फार गोड वाटलेले, कीर्तनासारखे, आता सवय झाली. तिथे पहिल्यांदा कळलं की ज्याने मारलं तोच शुभंकर, असे आपल्याकडे कितीतरी आहेत. परदेशातल्या पुस्तकात लिहितात अशा नात्यापासून लांब व्हा. लांब म्हणजे कुठे, पोटमाळ्यावर?

तुमच्याकडे स्वतःचं घर आहे आणि दार तुमच्या हातात आहे. माझ्या मते राहायला नको. पण काम द्यायचंच असेल तर छोटं द्या आणि वेळ ठरवून द्या.

नवऱ्याला पण सगळं एका रात्रीत सांगू नका. मी एकाला सांगितलं होतं तसं, तो घाबरून गायबच झाला. एक छोटी गोष्ट मागून बघा.

---

लालबागकर_काका

ताईंनी लेप्टोचं लिहिलं ते डोक्यातून जाईना. आमच्या शेजारचा एक गेला होता त्यात २००५ ला.

माझा मुलगा पुण्याला असतो. फोन करतो तेव्हा आईशीच बोलतो, मी उचलला तर "आईला द्या". मी त्याला मारलं होतं, माझ्या बापापेक्षा कमी मारलं असा माझा हिशोब होता. एवढंच सांगायला आलो. पोरी, आईबद्दल मी जे लिहिलं ते तू मनावर घेऊ नकोस, तुझं तू बघ.

---

भांडुपची_चिमणी

उशिरा आले, सॉरी, आणि सगळ्यांना थँक्यू. स्लो लोकल दादा, तुमचा खिळा वाचून मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन बसले होते दहा मिनिटं. काका, तुमचंही वाचलं. मला काय लिहावं सुचत नाहीये पण वाचलं.

अपडेट देते. मागच्या सोमवारी भिजून आले आणि रात्री अंगात कणकण. पर्समध्ये क्रोसिन होतीच, अजून असते, हात गेला पण तिकडे. मग दादांचं ते छोटी गोष्ट मागून बघा आठवलं. किचनच्या दारात उभं राहून त्याला म्हटलं, "मला ताप आलाय." बस एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी स्वतःहून कोणाला तरी बोलले असेन. आणि बोलून झाल्यावर जी छातीत धडधड, की आता हा तोंड फिरवणार.

तो म्हणाला "बरं, किती?" थर्मामीटर सापडेना, शेजारून आणला, १०१. मग त्याने सासूबाईंना फोन लावला, पेज कशी करतात, तांदूळ किती पाणी किती, स्पीकरवर, सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. मी आत पडून ऐकत होते आणि खरं सांगू, मला बरं वगैरे नाही वाटलं, वैताग आला, कशाला एवढा गाजावाजा. तीनदा येऊन विचारलं अजून किती आहे. तिसऱ्यांदा मी खेकसले. तरी चौथ्यांदा आला.

लहानपणाचं अजून सांगितलं नाहीये त्याला. कंपासपेटीचं तेवढं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर. त्याने काही विचारलं नाही पुढे. पर्समधली पट्टी मात्र काढून फ्रिजवर ठेवली, दोघांना दिसेल अशी.

प्रतिनिधीचा कागद लिहिला, त्याची तयारी विचारून, त्याचं नाव. आईला सांगितलं राहायला नको, रविवारी ४ ते ६ ये, हा घरी असतो तेव्हा. तिचा फोन नाही आलाय तेव्हापासून, आज सहा दिवस झाले. परत तोच अबोला. दर दोन तासांनी मोबाईल बघतेय, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी ओपीडी आहे. फॉर्म परत भरायला मागेन म्हणतेय, पण ताई तुम्ही सहा महिने म्हणालात ना, मग थांबते. आणि पेजेत मीठ नव्हतं. ते अजून त्याला सांगितलेलं नाही.